आधी सहा की आधी तीन?

जून २०१९ मधली गोष्ट. लोणेऱ्याच्या विद्यापीठातून इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरीला लागलो त्याला वर्षही झालं नव्हतं. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'ला 'वीस एक' म्हणायला सांगितलंय अशी बातमी आली आणि ऑफिसातल्या मराठी पोरांच्या ग्रुपवर दिवसभर कोट्या सुरू झाल्या. विधानसभेतही आडनावांवरून विनोद झाले. आम्ही सगळे संगणकवाले, त्यामुळे मराठी मेली म्हणून हळहळण्याचा अधिकार आम्हाला कुठून आला होता कोण जाणे, पण हळहळलो. त्यातला एक विनोद मी आईला पाठवला.

आई तेव्हा पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. शाळा दोन शिक्षकी, वर्ग पहिली ते चौथी. राहायला आम्ही महाडला. ती रोज सकाळी एसटीने आणि पुढे मिनीडोरने जायची. संध्याकाळी तिचा व्हॉइस मेसेज आला : "हसतोस काय रे? तिसरीच्या दिवाळीपर्यंत तू त्रेसष्ट सांगितलं की छत्तीस लिहायचास. माझाच मुलगा म्हणून मी तुला जास्त ओरडायचे. चूक तुझी नव्हती."

मी तिच्याच शाळेत शिकलो. शाळेत तिला 'बाई' म्हणायचं आणि घरी 'आई', हा नियम मला नीट जमायचा. त्रेसष्ट जमत नव्हतं. पण ते मी विसरूनही गेलो होतो, आणि हे विसरणं मला अजून अस्वस्थ करतं. मी हसलो, कारण वर्गात नेमकं काय होतं याचं एकही चित्र माझ्या डोक्यात शिल्लक नव्हतं. स्वतःच्या वर्गाचंही नाही. माझं वाचन बऱ्यापैकी आहे. मराठी साहित्यातले मास्तर विचारा, दहा सांगेन. त्यांनी घेतलेला गणिताचा एक तास सांगा म्हटलं तर गप्प बसेन. हा लेख त्या गप्प बसण्याबद्दल आहे.

आधी तो त्रेसष्टचा प्रश्न नीट मांडतो, कारण २०१९ च्या गदारोळात तो फारसा कुणी मांडलाच नाही. ६३ लिहिताना हात आधी सहा काढतो, मग तीन. म्हणताना तोंड आधी तीन म्हणतं, मग साठ. कानावर 'त्रे' पडलं की सात वर्षांचं पोर प्रामाणिकपणे ३ लिहितं, मग 'सष्ट' ऐकून ६ लिहितं, आणि ३६ होतात. त्याने ऐकल्याबरहुकूम लिहिलेलं असतं. एकोणचाळीसचा घोळ आणखी वेगळा. शब्दात ठळकपणे ऐकू येतं ते 'चाळीस', म्हणून पोरं ४९ लिहितात. त्या शब्दात एक वजाबाकी दडलेली आहे, आणि दुसरीतल्या मुलाने ती ऐकता ऐकता करायची असते. बरं, नियम पाळायचा तर शेवटपर्यंत पाळावा. ७९ ला एकोणऐंशी, ८९ ला एकोणनव्वद, आणि ९९ ला मात्र नव्याण्णव. तीन हा आकडा तेरात 'ते', तेहतीसमध्ये 'तेह', त्रेपन्नात 'त्रे', त्र्याहत्तरमध्ये 'त्र्या'. शंभरपर्यंतचे शब्द जवळजवळ सुटे सुटेच पाठ करावे लागतात.

माझ्या धंद्यात याला जवळचं उदाहरण आहे. काही संगणक मोठी संख्या साठवताना तिचा लहान किमतीचा भाग आधी ठेवतात, काही मोठ्या किमतीचा. या दोन पद्धतींची यंत्रं एकमेकांशी बोलायला लागली की मध्ये कुणीतरी क्रम उलटवून द्यावा लागतो, नाहीतर आकडे बरोबर असून उत्तर चुकतं. मराठी माणसाचं तोंड शंभरच्या आत लहान भाग आधी बोलतं आणि शंभरच्या वर मोठा. 'एकशे त्रेसष्ट' म्हणजे आधी शंभर, मग तीन, मग साठ. हा उलटापालटीचा उद्योग आम्ही यंत्राला चार ओळींत शिकवतो. सात वर्षांच्या पोराला तो कुणी सांगतही नाही की असा उद्योग आहे म्हणून.

त्या पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं : संख्येचं नाव आणि तिचं लेखन यांचा क्रम उलटा आहे, त्यात जोडाक्षरं अवघड आहेत, मुलं यानेच बिचकतात. कन्नडात ६३ ला अरवत्तमूरू म्हणतात, म्हणजे साठ-तीन. तेलुगूत, तमिळमध्ये, मलयाळममध्येही क्रम हाच. आणि पुस्तकाने जुने शब्द काढले नव्हते, नवे शेजारी दिले होते. शिक्षकाने हवं ते वापरावं. एवढीच ती 'मराठीची हत्या'.

अशी हत्या करणारे आपण पहिलेही नव्हतो. नॉर्वेने १९५१ मध्ये सरकारी निर्णयाने संख्यांची नावं उलटवली, आधी तीन मग साठ होतं ते आधी साठ मग तीन केलं. कारण होतं टेलिफोन. नंबर सांगताना चुका व्हायच्या. जुनी पद्धत तिथे बोलण्यात अजून पूर्ण गेलेली नाही, आणि त्याने कुणाचं काही बिघडलेलं नाही. जर्मनीत आपल्यासारखाच उलटा क्रम आहे. तिथे २००४ पासून एक संस्था सरळ क्रमासाठी प्रचार करते. तिचं नावच 'वीस एक' या अर्थाचा जर्मन शब्द आहे. एका गणिताच्या प्राध्यापकाच्या पुढाकाराने ती सुरू झाली. तिथल्या विनोदवीरांनी काय केलं मला माहीत नाही.

पण मला गंमत वाटते ती घरच्या उदाहरणाची. माझी आजी, वडिलांची आई, शाळेत गेली नव्हती. ती भाताचे भारे मोजायची 'तीन विसा न् तीन' असे. ६३. मोठं आधी, सुटं नंतर. खेड्यापाड्यांत अशी विशीने मोजदाद करणारी माणसं आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. म्हणजे ज्या सरळ क्रमाला आम्ही परकं म्हणून हसत होतो, तो आजीच्या तोंडात होता. शाळेत गेलेल्यांच्या तोंडून तो गेला होता.

विरोधकांकडे एक खरा मुद्दा होता आणि तो मी नाकारणार नाही. पाढे. 'सात नवे त्रेसष्ट' याला चाल आहे. एके, दुणे, त्रिक, चोक, पंचे, सक, हे शब्द गुणाकारासाठीच घडवलेले आहेत, आणि त्यांच्या शेवटी 'साठ तीन' आपटलं की चाल मोडते. आधीच्या पिढ्यांना तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, थेट साडेतिनाची औटकीसुद्धा पाठ असायची. बाजारात उभं राहून हिशेब करायचं ते यंत्र होतं, आणि ते जिभेवर चालायचं. माझं स्वतःचं मत असं की दुसरीत 'साठ आणि तीन' आधी यावं आणि तेच 'त्रेसष्ट' हे मागोमाग यावं. आई वर्षानुवर्षं हेच करत आली होती. दहा काड्यांचे रबर लावलेले सहा गठ्ठे, तीन सुट्ट्या काड्या. "हे किती? साठ. हे? तीन. साठ न् तीन, त्रेसष्ट." पुस्तकाने तिची पद्धत तिला छापून दिली आणि महाराष्ट्राने त्यावर आठवडाभर हसून घेतलं. दोनच शिक्षकांच्या त्या शाळेत, आईच्या म्हणण्यानुसार, मधल्या सुट्टीतही यावर कुणी बोललं नाही. तांदूळ मोजायचा होता.

आता साहित्याकडे येतो.

प्राथमिक शाळामास्तर म्हटलं की मराठी वाचकाला पहिली आठवते ती 'बनगरवाडी', १९५५ ची. व्यंकटेश माडगूळकरांचा कोवळा मास्तर औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर येतो. शाळेत पोरंच नाहीत, कारण ती मेंढरांमागे आहेत. मग कारभाऱ्याला विश्वासात घेणं, लोकांचे अर्ज-पत्रं लिहिणं, आनंदा रामोश्याशी जुळलेलं विचित्र नातं, तालीम बांधणं, आणि अखेर दुष्काळात वाडी उठून जाणं. या कादंबरीबद्दल माझी काही तक्रार नाही. मी ती तीनदा वाचलीय आणि तिसऱ्यांदा जास्त आवडली. पण तिसऱ्यांदा मी एक गोष्ट मुद्दाम शोधत होतो : मास्तर शिकवतो काय आणि कसं? फार थोडं सापडतं. शाळा भरते, पोरं येतात, पण त्या चार भिंतींत एखाद्या पोराला एखादी गोष्ट कळली किंवा कळली नाही, त्याचा क्षण कादंबरीला लागत नाही. तालीम कशी उभी राहिली हे आपल्याला कळतं. बाराखडी कशी उभी राहिली हे कळत नाही. मास्तर कादंबरीभर वाढतो तो शाळेबाहेर. माडगूळकरांना वाडीची गोष्ट सांगायची होती आणि मास्तर ही त्यांची खिडकी होती, तेव्हा हे रास्तच आहे. पण पुढे खेड्यातल्या शिक्षकावरची बरीच मराठी गोष्ट याच वाटेने गेली. शिक्षक गावात काय करतो हे लिहायचं. दारू सोडवतो, रस्ता आणतो, बदलीच्या वेळी अख्खा गाव रडतो.

दुसरी वाट पु. लं.ची. चितळे मास्तर. (ते हायस्कूलचे, मान्य.) तिथे वर्ग आहे, भरपूर आहे, पण तो मास्तरांच्या लकबींचा वर्ग आहे. शेवटी आपल्या डोळ्यांत पाणी येतं ते झिजलेल्या टाचांमुळे. मराठी वाचकाने शिक्षकावर प्रेम करायचं ते असं, टाचा झिजल्यावर. त्याच्या बरोबर किंवा चुकीच्या शिकवण्यावर नाही. आणि याच्या अगदी उलट टोकाला जोतीराव फुल्यांचा 'विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी' हा १८६९ चा पवाडा. पंतोजी कुणाला शिकवतो आणि कुणाला टाळतो, हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी इतक्या थेटपणे विचारलेला असताना पुढच्या आपल्या मास्तरकथा एवढ्या गोड कशा झाल्या, याचं मला कोडं आहे.

वर्ग खरोखर दिसतो तो कथा-कादंबरीच्या कपाटाबाहेर. गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' मुळात गुजराती, पण मराठी शिक्षकांनी ते आपलंच मानलंय. त्यातला नवा शिक्षक पहिल्या दिवशी मोठ्या हौसेने शांतीचा खेळ घेतो आणि तो साफ फसतो. पोरं धिंगाणा घालतात. शिक्षकाच्या पुस्तकाची सुरुवात फसलेल्या तासाने करायची, याला लेखक म्हणूनही हिंमत लागते. मला ते पुस्तक तिथेच पटलं. मराठीत लीला पाटलांचं 'ऐलमा पैलमा शिक्षणदेवा' आणि त्यांचं नंतरचं लेखन. १९८५ मध्ये कोल्हापुरात 'सृजन आनंद विद्यालय' सुरू करणाऱ्या लीलाताई ना. सी. फडक्यांच्या कन्या. वडिलांनी कादंबरीचं तंत्र शिकवलं, लेकीने विनातंत्राचं निरीक्षण लिहिलं. मुलं काय बोलली, कुठे अडली, शिक्षक कुठे चुकला, हे त्या सांगतात, आणि एकच अनुभव भाषेचा, परिसराचा, गणिताचा असा एकत्र कसा येतो तेही. माझी अडचण एवढीच की ती शाळा प्रयोग करायचा म्हणून काढलेली होती. आमच्या वाडीवरच्या शाळेत प्रयोग करायचं कुणी ठरवलेलं नसतं. तिथे एका खोलीत दोन इयत्ता असतात, म्हणून तो होतो.

हे जरा उलगडून सांगतो. एका शिक्षकाकडे तिसरी आणि चौथी एकदम असली की विषयांच्या भिंती आपोआप पडतात. तिसरी वजाबाकी करतेय आणि चौथीला 'शिवछत्रपती'चा धडा वाचून दाखवायचाय. परिसर अभ्यासाचा तो भाग दोन, ज्यावर महाराष्ट्राच्या पिढ्या वाढल्या. आमच्या तालुक्यात तर उमरठ, तानाजी मालुसऱ्यांचं गाव, आणि महाड तालुक्यात रायगडच. आई दोन्ही इयत्ता एकाच फळ्यावर ओढायची. १६७४ वजा १६३०, राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांचं वय किती? चव्वेचाळीस. हे सोपं, हातचा घ्यावा लागत नाही. मग १६८० वजा १६७४. इथे हातचा येतो, आणि उत्तर येतं सहा. वर्गात दरवर्षी कुणीतरी म्हणायचं, "सहाच वर्षं?" पुरती सहाही नाहीत, जून ते एप्रिल. ज्या किल्ल्यावर सहल जाते, ज्याच्यावर पोवाडे पाठ आहेत, तिथे छत्रपती म्हणून राजा सहा वर्षंही नव्हता, हे पोरांना धड्याने नाही, वजाबाकीने कळायचं. मला कळलं तेही तसंच. हा क्षण मला अजून आठवतो. त्रेसष्टचा आठवत नाही, पण हा आठवतो.

असे तास कुठे लिहिले जातात? कागदोपत्री उत्तर : टाचणवहीत. प्रत्येक शिक्षकाची ती असते. घटक, उद्दिष्ट, शैक्षणिक साहित्य, अध्ययन अनुभव, मूल्यमापन असे रकाने. केंद्रप्रमुख येऊन सही करतात. मी समीक्षक म्हणून हा लेखनप्रकार वाचायचा प्रयत्न केला आणि मला वाटतं मराठीतलं ते सर्वांत सुखांत वाङ्मय असेल. त्यात कधीच काही फसत नाही. 'विद्यार्थ्यांना संकल्पना स्पष्ट झाली.' कर्ता नसलेली वाक्यं. मुलाचं नाव नाही, चूक नाही, पाऊस नाही. ज्याची तपासणी होणार ते लेखन असंच होणार, यात शिक्षकाचा दोष नाही. आमच्याकडेही कामाचा जो अहवाल वर जातो तो असाच असतो.

पण आईच्या वह्यांना मागची पानं होती. तिथे पेन्सिलीने ती स्वतःसाठी लिहायची. हे मला २०२१ नंतर कळलं, म्हणजे उशिरा. २२ जुलै २०२१ ला महाडात पाणी शिरलं तेव्हा आमचं तळमजल्यावरचं कपाट दोन दिवस सावित्रीत होतं. वीसेक वर्षांच्या टाचणवह्या खालच्या कप्प्यात होत्या. चिखल काढताना त्या हातात आल्या त्या लगद्यासारख्या. मी त्या खोऱ्याने उचलून बाहेर टाकल्या, सोफ्याच्या फोमबरोबर. आई काही बोलली नाही. माळ्यावर ठेवलेली एकच वही वाचली, आणि तिच्यानंतरच्या दोन आहेत.

त्यातली एक नोंद २०२२ च्या पावसाळ्यातली. पुराच्या वेळी शाळा कोरोनामुळे बंदच होत्या, त्यामुळे त्यावर वर्गात बोलायला वर्ष गेलं. आईने एक आकडा घेतला होता : ५९४. महाबळेश्वरला २०२१ च्या त्या २२-२३ जुलैच्या चोवीस तासांत पडलेला पाऊस, मिलिमीटरमध्ये. वृत्तपत्रात हा आकडा सगळ्यांनी वाचला होता आणि कुणालाच तो दिसला नव्हता. तिने भिंतीवर मोजपट्टीने साठ सेंटिमीटरच्या जरा खाली खडूने रेघ मारली आणि पहिलीच्या पोरांना तिथे उभं केलं. कमरेपर्यंत आली. मग चौथीला काम दिलं : वर्गाची फरशी मोजा. सहा मीटर बाय पाच, तीस चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. ५९४ गुणिले ३०, झाले १७,८२० लिटर. दहा लिटरची कळशी धरली तर १,७८२ कळशा, नुसत्या या खोलीएवढ्या जागेवर. ज्या घरांतल्या बायका उन्हाळ्यात खालच्या विहिरीवरून कळशा वाहतात, त्या घरच्या पोरांना हे उदाहरण. तिसरीला यातला गुणाकार पेलत नव्हता, तर त्यांनी १,७८२ अक्षरी लिहायचं. एक हजार सातशे ब्याऐंशी. म्हणजे पुन्हा तेच, आधी दोन की आधी आठ.

इथपर्यंत तास छान चालला होता. मग चौथीतल्या एका मुलीने विचारलं, आणि आईने ते तिच्याच भाषेत लिहून ठेवलंय : "बाई, पन त्ये हितं कुठं ऱ्हातंय? त्ये खाली महाडला जातंय. मग महाडात किती झालं?"

या प्रश्नाने माझी झोप उडाली होती असं म्हटलं तर ते नाटकी होईल, पण त्या रात्री मी लॅपटॉप उघडून बसलो हे खरं. मुलगी बरोबर होती. पाऊस मोजतात तो जिथे पडतो तिथे. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते. डोंगरावर पडलेलं सगळं खाली एका चिंचोळ्या खोऱ्यात उतरतं, समोरून भरती असली तर नदीला समुद्रात रिकामं होता येत नाही, आणि महाडला काळ आणि गांधारीही तिला येऊन मिळतात. सावित्रीची महाडची धोका पातळी साडेसहा मीटर आहे. पडलेला पाऊस गुणिले क्षेत्र हे झालं आत येणारं पाणी. त्यातून वेळ, उतार, भरती, जमिनीने शोषलेलं, सगळं वजा-जमा केल्याशिवाय तिच्या प्रश्नाचं उत्तर नाही. लोक यावर आयुष्यभर काम करतात. चौथीतल्या मुलीने तो प्रश्न गुणाकाराच्या तासाला विचारला. आईने त्या नोंदीखाली लिहिलंय : 'उत्तर देता आलं नाही. घटक सोडून गेला. भागाकार राहिला.' पुढच्या पानावर, म्हणजे टाचणाच्या बाजूला, त्याच दिवशी : 'गुणाकार : संकल्पना स्पष्ट झाली.'

मराठीतल्या कुठल्याही मास्तरकथेपेक्षा या दोन पानांच्या मधल्या फटीत मला जास्त कादंबरी दिसते.

विषय एकत्र शिकवावेत हे सरकारलाही पटलेलं आहे. २०२२-२३ पासून पहिलीला एकात्मिक, द्विभाषिक पुस्तकं आली. सगळे विषय एकाच पुस्तकात, आणि वर्षाचे चार भाग. दप्तराचं ओझं खरोखर कमी झालं, हे मोठं काम आहे, वाडीवरून दोन वहाळ ओलांडून येणाऱ्या पोराच्या पाठीला विचारा. पण समीक्षक म्हणून मला म्हणावंसं वाटतं की एका शिवणीत बांधल्याने विषय एकमेकांशी बोलायला लागत नाहीत. भाषेच्या पानावर पाऊस, गणिताच्या पानावर छत्र्या मोजा, इंग्रजीच्या पानावर 'रेन'. ही सजावट झाली. बेरजेला पावसाची गरज नाही आणि पावसाला बेरजेची. ५९४ च्या तासात मात्र गणिताशिवाय पाऊस कळतच नाही, आणि पावसाशिवाय तो गुणाकार कुणी केला नसता. हा फरक पुस्तक लिहिणाऱ्या मंडळाला कळत नसेल असं मला वाटत नाही. पण पुस्तक अख्ख्या महाराष्ट्राचं असतं आणि सावित्री महाडची.

त्यानंतर २०२३-२४ मध्ये पाठ्यपुस्तकांत कोरी पानं घातली गेली, नोंदींसाठी. या पानांची खूप टिंगल झाली : वह्यांचे पैसे वाचवायचे, कागद वाया, पुस्तकं जाड. २०२५ मध्ये तो निर्णय मागेही घेतला. मी इथे अल्पमतात आहे. मला ती पानं गेल्या काही वर्षांतली सर्वांत चांगली कल्पना वाटली होती. छापलेल्या धड्याशेजारी आपल्या नदीची जागा. फसली ती याच्यामुळे की ती कुणासाठी आणि कशासाठी कोरी आहेत हे नीट कुणी सांगितलं नाही, आणि मग मुलांनी तिथे प्रश्नोत्तरं उतरवली. आईने एका पुस्तकात पोरांकडून त्या पानावर शाळेपासून घरापर्यंतच्या पावलांचा नकाशा काढून घेतला होता. बाकीची तिचीही कोरीच राहिली. वेळ नव्हता. ऑनलाइन माहिती भरायची होती, पोषण आहाराचा हिशेब होता, पोरामागे शंभर ग्रॅम तांदूळ. (तोही तिने चौथीकडून करून घ्यायला सुरुवात केली होती. सतरा पोरांना किती? हजर तेरा असतील तर शिल्लक किती?)

सतरा. हा शाळेचा पट. सप्टेंबर २०२३ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव शिक्षण विभागाने मागवले. नमुन्यादाखल पानशेत आणि तोरणमाळची नावं घेतली गेली. बाजू मांडणाऱ्यांचं म्हणणं मला सरसकट चुकीचं वाटत नाही. सतरा पोरांत खेळायला संघ होत नाही, एका शिक्षकाला दोन-दोन इयत्ता पडतात, मोठ्या शाळेत प्रयोगशाळा मिळते. विरोध करणाऱ्यांनी अंतर, पावसाळा, मुलींची गळती हे मुद्दे मांडले, तेही खरेच. पण ही सगळी चर्चा मी वाचत गेलो तेव्हा मला पुन्हा २०१९ आठवलं. दोन्ही बाजूंना शाळा म्हणजे पट, अंतर आणि खर्च. त्या खोलीत सकाळी अकरा ते साडेबारा काय चालतं, याचा एक परिच्छेद कुणाकडेच नव्हता. असणार कुठून? टाचणात सगळ्या संकल्पना स्पष्ट झालेल्या आहेत, कादंबरीत मास्तर तालीम बांधतोय, आणि मागची पानं मी खोऱ्याने उचलून रस्त्यावर टाकली.

मंगला नारळीकर जुलै २०२३ मध्ये गेल्या. त्यांच्यावरचे मृत्युलेख मी वाचले, बहुतेकांत 'वीस एक'चा वाद एका वाक्यात होता. मी आईला म्हटलं, तू त्यांच्या पद्धतीबद्दल लिही ना, चार पानं, दुसरीच्या वर्गात काय होतं ते. ती म्हणाली, "मी लिहिलं तर टाचणासारखं होईल. तूच लिही." मी म्हटलं, मला वर्गातलं काय माहीत? तेव्हा तिने मला तिची वाचलेली वही दिली आणि त्या मुलीच्या प्रश्नाच्या पानावर बोट ठेवून विचारलं, हे तुझ्या संगणकावर होतं का बघ.

मी ढोबळ मांडणी केली आहे. उतार आणि भरती अजून धरलेली नाही. ती मुलगी आता महाडला आठवीत आहे. तिला दाखवायच्या आधी भरती धरायला हवी, नाहीतर ती तेच विचारेल.